दोन पगारांची फी

महिन्याला ३२ हजार रुपये हातात पडणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. ठाण्याच्या नाहीतर पुण्याच्या उपनगरात एका खोलीचं भाड्याचं घर, भाडं दहा हजार. किराणा, दूध, गॅस, वीज, मोबाइल मिळून अकरा-बारा हजार. रेल्वेचा किंवा बसचा पास, मुलीची व्हॅन आणि शाळा सुटल्यावर ती जिथे थांबते त्या पाळणाघराचे पैसे मिळून आणखी सहा-सात हजार. उरले चार हजार. शाळेची फी वर्षाला ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार, असं कागदावर मांडलं तर हिशोब जेमतेम बसतो. दुखणंखुपणं, सणवार, घरमालकाची भाडेवाढ यांना त्यात जागा नाही, पण बसतो.

शाळा मात्र दरमहा चार हजार मागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहिला हप्ता येतो, त्याच्या जोडीला टर्म फी, अॅक्टिव्हिटी फी, नवी पुस्तकं, गणवेश, बूट. एकदम पंचवीस-तीस हजार उभे करायचे असतात. दोन पगारांच्या घरात त्या महिन्यात एक पगार शाळेकडे वळतो आणि दुसऱ्यावर घर चालतं. एकाच पगाराच्या घरात वळवायला दुसरा पगारच नसतो. मग बाई भिशीत मार्चचा नंबर मागून घेते, भावाकडून उसने आणते, पतपेढीत बांगडी तारण ठेवते. अलीकडे शाळेच्या काउंटरवरच फीसाठी कर्ज देणाऱ्या कंपन्यांची पत्रकं ठेवलेली दिसतात. या कंपन्या वर्षाची फी शाळेला एकरकमी देतात आणि पालकाकडून महिन्याच्या हप्त्याने वसूल करतात. हप्ता चुकला की दंड आणि पतमानांकनावर डाग. म्हणजे महिन्याला चार हजार घ्यायची व्यवस्था करता येते. फक्त ती शाळा करत नाही, सावकार करतो.

एकल पालकाच्या फीचा प्रश्न कमी उत्पन्नाचा आहे, असं सगळेच मानून चालतात. तो तेवढाच असता तर दोघे मिळून ३२ हजार कमावणाऱ्या घराची आणि या घराची अडचण सारखी असती. ती सारखी नाही. फीचं वेळापत्रक, करांचे नियम, सवलतींच्या उत्पन्नमर्यादा, पालकसभांच्या वेळा, तक्रारीची तरतूद या सगळ्या गोष्टी घरात दोन मोठी माणसं आहेत असं गृहीत धरून ठरलेल्या आहेत. एकटं माणूस त्या मापात बसत नाही, आणि बसत नाही याचा दोष त्याच्याच नियोजनाला दिला जातो.

अशी घरं थोडी नाहीत. यूएन विमेनच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातली साडेचार टक्के कुटुंबं, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख घरं, एकट्या आया चालवतात. शिवाय सुमारे ३ कोटी २० लाख एकल आया माहेरी किंवा सासरी मोठ्या कुटुंबात राहतात. एकट्या आईच्या घरांत गरिबीचं प्रमाण ३८ टक्के, तर आईवडील दोघे असलेल्या घरांत २२.६ टक्के आढळलं. हे आकडे कोरोनाच्या आधीचे. त्यानंतर महाराष्ट्रात विधवा झालेल्या तरुण बायकांची संख्या एवढी होती की हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी करून तालुक्या-तालुक्यांत काम करावं लागलं.

सरकारी मदत नाही असं नाही. पण ती कुठे संपते ते पाहायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खाजगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे. महिन्याला ८,३३३. राज्यात दुकानं आणि आस्थापनांमधल्या अकुशल कामगारालाही कायद्याने याहून जास्त किमान वेतन मिळायला हवं. म्हणजे कापडाच्या दुकानात कायद्याप्रमाणे पूर्ण पगार घेणारी विधवा या घटकात बसत नाही. मालकाने तिला कायदा मोडून कमी पगार दिला तरच बसते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता आयांच्या मुलांना महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. तिथली मर्यादा शहरी भागात वर्षाला ९६,००० आणि ग्रामीण भागात ७२,०००. ही आणखी खाली. दिल्लीत प्रवेशाची हीच १ लाखाची मर्यादा उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर २०२४ मध्ये अडीच लाखांवर गेली. महाराष्ट्राला तसं करायला कोणाची आडकाठी नाही.

राज्याची आपली एक योजना या बाबतीत जास्त समजूतदार आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा एकाच पालकाबरोबर राहणाऱ्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे झाले २७,०००. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत बिगरसरकारी शाळेतल्या मुलावर होणारा सरासरी वार्षिक खर्च २५,००२ रुपये निघाला, सरकारी शाळेतल्या मुलावर २,८६३. देशाची सरासरी शहरातल्या शाळेला लागू पडत नाही, हे खरं. तरी २७ हजार ही चिल्लर रक्कम नव्हे. अडचण आहे ती हातात पडण्याची. बालकल्याण समितीपुढे हजेरी, गृहचौकशी, दाखले, वर्षाच्या नूतनीकरणाचे कागद. त्यातला प्रत्येक हेलपाटा म्हणजे एक खाडा, आणि रोजंदारीवरच्या बाईचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय पैसे महिनोन्महिने रखडतात. जूनची फी डिसेंबरात येणाऱ्या पैशांतून भरता येत नाही. त्याच पाहणीत शिक्षणाच्या खर्चाचा मुख्य स्रोत म्हणून सरकारी शिष्यवृत्तीचं नाव घेणारे विद्यार्थी अवघे १.२ टक्के होते. बाकी भार घरावरच.

या मर्यादांच्या वर असलेल्या मध्यमवर्गीय एकल पालकाचं काय? त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही, आणि करांचा हिशोब तर सरळ त्याच्या विरोधात जातो. आपल्याकडे प्राप्तिकर व्यक्तीवर लागतो, घरावर नाही. २०२५-२६ साठीच्या नव्या करप्रणालीत नवरा-बायको प्रत्येकी ७ लाख पगार मिळवत असतील, तर १४ लाखांच्या त्या घराला एक रुपयाही कर पडत नाही. तेच १४ लाख एकट्या आईने कमावले, तर प्रमाणित वजावट धरून, उपकरासह सुमारे ८२ हजार रुपये कर होतो. उत्पन्न तेच, मूल तेच, शाळाही तीच. फरक एका मुलाच्या वर्षाच्या फीएवढा. जुन्या प्रणालीत कलम ८०सी खाली ट्यूशन फीची वजावट आहे, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. दोघे कमावते असतील तर दोघांच्या दोन मर्यादा, एकट्याला एकच. त्यातही वजावट फक्त ट्यूशन फीची. विकास निधी, वाहतूक, पाळणाघर काही धरत नाहीत. एकट्या पालकाला नोकरी करता येते ती पाळणाघराच्या जोरावर. त्याचा खर्च कराच्या लेखी नोकरीचा खर्च ठरत नाही, शिक्षणाचाही नाही.

बचतीच्या आणि कर्जाच्या योजनांचंही तसंच. सुकन्या समृद्धी खात्यातून शिक्षणासाठी पैसे काढता येतात ते मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पार केल्यावर. कलम ८०ई ची सवलत उच्च शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाला. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, आणि ते चांगलंच केलं. पण शिशुवर्गापासून दहावीपर्यंतची बारा-तेरा वर्षं खाजगी शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या आईने महिन्याच्या पगारातूनच काढायची. वडील गेले किंवा निघून गेले, तर हाताशी काही शिल्लक नसते ती नेमकी याच वर्षांत.

निघून गेलेल्या वडिलांबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करायची. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. मुलांच्या शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे वडिलांनी उचलायचा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर तो दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटायचा. हा खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला. आई घर सोडून निघाली जानेवारी २०१३ मध्ये, बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांनी. अर्ज त्याच वर्षी झाला. अंतरिम पोटगीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा ते बाळ सात वर्षांचं होतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ मध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं म्हटलेलं होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ते आहे. बालवाडी, शिशुवर्ग आणि पहिलीचे हप्ते या साठ दिवसांच्या वाटेकडे डोळे लावून थांबत नाहीत.

हुकूम हाती आल्यावरही वसुली बाईनेच करायची. थकलेल्या पोटगीसाठी देय तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वॉरंटच्या मार्गाने ती वसूल होत नाही. फीच्या बाबतीत यावर एक साधा तोडगा आहे आणि तो न्यायालयांच्या अधिकारात आजही बसतो: शिक्षणाचा वाटा वडिलांनी आईच्या हातात न देता थेट शाळेच्या खात्यात, शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे भरावा आणि पावती न्यायालयात दाखल करावी. वकिलांनी अर्जात ही मागणी नेमाने घालायला हवी. त्यामुळे पैसे आईने स्वतःवर उडवले हा नेहमीचा आरोपही निकालात निघतो.

ज्यांच्याकडे हुकूम नाही, घटस्फोटाचा कागद नाही, मृत्यूचा दाखलाही नाही, त्यांची गत सगळ्यात वाईट. नवरा सोडून गेलेल्या बाईला कागदोपत्री काहीच ओळख नसते, हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस संगमनेरात निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला तेव्हाच पुढे आलं होतं. २५ टक्क्यांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदांच्या यादीत विधवेसाठी पतीच्या मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितेसाठी न्यायालयाचा निकाल असतो. खटला चालू असेल तर त्याचा पुरावाही चालतो. जिने खटलाच लावला नाही, तिने काय आणायचं? खाजगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांची सही, वडिलांचा व्यवसाय, वडिलांचं आधार हे रकाने अजून सक्तीचे असतात. खिडकीपलीकडचा कारकून फॉर्म परत सरकवतो आणि मागे रांगेत उभे असलेले पालक ऐकत असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात आईच्या पालकत्वाला बळ दिलं, २०१५ मध्ये अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती न करता पालकत्व देऊ केलं. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव अनिवार्य केलं. हे सारं त्या खिडकीपर्यंत पोचलेलं नाही. ते पोचवायला शिक्षण उपसंचालकांचं एक परिपत्रक पुरेल.

फी जास्त आहे अशी तक्रार करायची म्हटलं तरी एकटेपणाच आडवा येतो. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा. शाळेच्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यायला हवा; समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात; समितीने मान्य केलेली आणि व्यवस्थापनाने सुचवलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. कागदावर रचना चांगली आहे. पण पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार पालकांना या समितीकडे दाद मागायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. बाराशे मुलांच्या शाळेत हे झाले तीनशे पालक. सह्या गोळा करायला संध्याकाळी दारोदार फिरायचं कोणी? ज्याच्या घरी दुसरं मोठं माणूस मुलाजवळ बसायला आहे त्याने. पालकसभा बहुधा कामाच्या दिवशी किंवा शनिवारी सकाळी. ज्याला फीचा सर्वांत जास्त त्रास, त्याचाच आवाज सभेत सर्वांत कमी. एकट्या पालकाला निदान आपल्या मुलाची फी बेकायदा वाढवली का, एवढं तपासून घेण्यासाठी वैयक्तिक अर्जाचा हक्क असायला हवा.

शाळाचालकांची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. विनाअनुदानित शाळेला सरकार पैसे देत नाही. शिक्षकांचे पगार फीतूनच निघतात. २५ टक्क्यांतल्या मुलामागे महाराष्ट्र सरकार वर्षाला कमाल १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती ठरवतं आणि त्यातलेही शेकडो कोटी थकवतं. ते थकलं की शाळा उरलेल्या ७५ टक्क्यांवर बोजा टाकते, आणि त्यांतच आपली ३२ हजारवाली बाई असते. सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळं करणारी अधिसूचना काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली, हे बरं झालं. प्रतिपूर्ती वेळेवर देण्याचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. सवलत देता येत नाही असंही नाही. कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये राजस्थानच्या खटल्यात फी १५ टक्के कमी करायला लावली आणि फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवू नका असं बजावलं. महाराष्ट्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १५ टक्के कपातीचा निर्णय काढला. बहुतेक शाळा त्या कपातीनंतरही टिकून राहिल्या.

इथे एक जुना प्रश्न येतोच: ऐपत नाही तर खाजगी शाळेचा हट्ट कशाला? पालिकेची, जिल्हा परिषदेची शाळा आहे. हा प्रश्न हिणवून विचारला जातो म्हणून झटकून टाकू नये. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळा उत्तम आहेत. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचं नाव २०२५ मध्ये जगभर गाजलं. मुंबई महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने सीबीएसई आणि आयसीएसई मंडळांच्या मोफत शाळा काढल्या, तेव्हा जागांपेक्षा इतके अर्ज आले की सोडत काढावी लागली. पालकांना सरकारी पाटीचं वावडं नाही, याचा याहून चांगला पुरावा नसेल. पण एकट्या पालकाला शाळेकडून शिकवण्याशिवाय आणखी एक गोष्ट हवी असते: मूल संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी नजरेखाली असणं. साडेबाराला सुटणारी शाळा कितीही चांगली असो, साडेसहाला घरी पोचणाऱ्या आईला ती परवडत नाही, कारण मधल्या सहा तासांची फी वेगळी. कित्येक बायका महागड्या शाळेत टिकून राहतात त्या तिथल्या इंग्रजीपेक्षा डे-केअरमुळे. पालिकेने आपल्या शाळांत संध्याकाळी सहापर्यंत अभ्यासिका आणि खेळ चालवले, तर एकल पालकांवरचा फीचा भार कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा जास्त हलका होईल. खोल्या आहेत, मैदानं आहेत. माणसं नेमायची आहेत.

आणि शाळा बदलणं हा पराभव नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आहे. थकीत फीसाठी दाखला अडवून ठेवणं सर्रास चालतं, आणि पालक तेवढ्यासाठी कर्ज काढतात. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करण्याइतकं बळ प्रत्येकीत नसतं, पण कायदा तिच्या बाजूने आहे हे तिला माहीत असायलाच हवं.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र नववीच्या दारात आहे. कायद्याचं मोफत शिक्षण चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. २०१६-१७ मध्ये २५ टक्क्यांच्या सोडतीतून पहिलीत आलेली मुलं २०२४-२५ मध्ये नववीत गेली. आठ वर्षं त्याच बाकांवर, त्याच मित्रांबरोबर काढल्यावर शाळेकडून पूर्ण फीचं पत्र येतं. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न लाखाच्या आत होतं म्हणून मूल आत आलं, त्या घराने आता साठ-सत्तर हजार भरायचे, आणि तेही दहावीच्या तोंडावर, क्लासची फी वेगळी. आईकडे दोनच वाटा उरतात: कर्ज, नाहीतर दाखला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्येच तीन ते अठरा वर्षांचं शिक्षण एकसंध मानलं आहे. केंद्राने कायदा कधी दुरुस्त करायचा तो करो. तोवर महाराष्ट्राला या मुलांची नववी आणि दहावीची दोन वर्षांची फी आपल्या तिजोरीतून भरण्याचा निर्णय घेता येईल. कोणत्या शाळेत अशी किती मुलं आहेत ते सरकारच्या पोर्टलवर नावानिशी नोंदलेलं आहे. पुढच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं आणि सुरुवात एकल पालकांच्या मुलांपासून करावी.